खरडपट्टी

गंजावर दया दाखवायची नाही, हे उस्तादाचं ब्रीद होतं. मार खाऊन चेपलेल्या गाड्या त्याच्या गॅरेजात यायच्या आणि तो त्यांना आणखी मारून सरळ करायचा. पोचा आतून ठोकायचा, वर आलेला पत्रा बाहेरून बसवायचा, आणि कुठे गंज दिसला की पांढरा लखलखीत पत्रा लागेपर्यंत खरडायचा. कणभर जरी राहिला तरी रंगाखाली तो पुन्हा फुगतो आणि गिऱ्हाईक तो फोड घेऊन दारात उभं राहतं. या कामासाठी त्याने स्वतःच्या हाताने एक हत्यार बनवलं होतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा, एका बाजूने धार काढलेला, दुसऱ्या बाजूला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. गॅरेजात त्याला सगळे खरडपट्टी म्हणत. 'चुकलास तर खरडपट्टी काढीन' असं उस्ताद म्हणाला, की तो तोंडाने बोलणार आहे की भिंतीवरची ती काढणार आहे, हे नव्या माणसाला कळायचं नाही. जुन्यांनाही नेहमी कळायचं असं नाही.

देवाने माणसाला हात दिले, त्यांची मूठ करायची की ओंजळ, हे त्याचं त्याच्यावर सोडलं. उस्तादाच्या हाताला मुठीचीच सवय होती. तो काही दुष्ट माणूस नव्हता. उपाशी माणूस त्याच्या दारातून कधी परत गेला नाही. पण भीती वाटली की त्याला ती भीती म्हणून ओळखता येत नसे; हात शिवशिवायला लागत, एवढंच त्याला कळे.

त्याचा धाकटा भाऊ त्याच गॅरेजात रंगारी होता. स्प्रे गन हातात घेतली की त्याचा श्वासही त्या गनच्या चालीने चालायचा. एकच खोट होती. त्याच्या डोक्यात कातडीचे जाड, चंदेरी पापुद्रे साचायचे. कपाळावर केस संपतात तिथून खाली बोटभर लाल पट्टा उतरला होता आणि त्याची कड इतकी ठळक होती, जणू टेप चिकटवून कोणी रंग मारलाय. कानांमागेही तसंच. बोटाने जरा खाजवलं की खांद्यावर बर्फ. त्यावरून गॅरेजात त्याचं नाव खवल्या पडलं होतं. घरात मात्र त्याला दुसरं नाव होतं: खवडा. हा डोक्याचा रोग जवळ गेलेल्या प्रत्येकाला चिकटतो, असं उस्ताद ठामपणे सांगे, आणि खवड्यावर उपाय कोणता, तर तोच. गंजावरचा.

"दादा, एकदा कातडीच्या डॉक्टरला दाखवून येतो," धाकटा अधूनमधून म्हणे.

"डॉक्टर काय करणार? मलम लावणार. गंजावर मलम लावतो का आपण?"

ज्या दिवशी ते पहिल्यांदा घडलं, त्या दिवशी गॅरेजात एक काळी गाडी होती. काळा रंग हा रंगाऱ्याचा परीक्षक असतो, त्यावर धुळीचा कणही लपत नाही. शेवटचा हात मारून धाकट्याने टोपी काढून घाम पुसला, आणि वरून पंख्याचा झोत आला. बॉनेटच्या ओल्या रंगावर पांढरे पापुद्रे जाऊन बसले. नेमकं तेव्हाच गाडीचा मालक आत आला आणि वाकून बघत म्हणाला, "अरे वा! काळ्यावर चांदण्या पण काढता का तुम्ही? मी सांगितल्या नव्हत्या."

उस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मालकाला दोन्ही हात जोडले, बाहेर खुर्चीवर नेऊन बसवलं, आत येऊन शटर अर्धं ओढलं आणि भावाच्या तोंडावर अशी ठेवून दिली की त्याचं डोकं मागच्या कॉम्प्रेसरवर आपटलं. मग मानगूट धरून त्याला गाड्या धुवायच्या कट्ट्यावर नेलं, गुडघ्याने पाठ दाबली आणि भिंतीवरची खरडपट्टी काढली.

"दादा, नको! दादा, आग होते रे!"

"होऊ दे. एकदा मुळापर्यंत काढला की जन्माची कटकट जाईल."

पापुद्रे सुटत होते, केसांच्या बटांसकट. उस्ताद दात-ओठ खात खरडत होता आणि खाली पांढरा पत्रा लागायची वाट बघत होता. पत्रा लागेना. लागलं ते रक्त. तेही एकदम धारेने नाही. लाल कातडीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके एकेक करून उमटत गेले. वर त्याने थिनरचा बोळा फिरवला. धाकटा ओरडला नाही. त्याचे पाय तेवढे कट्ट्यावर थाडथाड आपटले आणि मग थांबले.

गॅरेजात एक वेल्डर होता, उस्तादाच्या बरोबरीचा, जिभेला हाड नसलेला. तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "उस्ताद, पुट्टी पण भरा आता. वर दोन हात प्रायमर."

कोणी हसलं नाही. वेल्डरसुद्धा.

जखमा सुकल्या, आणि मग विचित्र गोष्ट झाली. जिथे जिथे खरडपट्टी फिरली होती, तिथे तिथे नवे चट्टे उठले. चट्टे कसले, रेघाच. सरळ, लांब, चंदेरी रेघा, जणू पात्याच्या फटकाऱ्यांनी त्या भावाच्या डोक्यावर आखून दिल्या होत्या. जिथे पूर्वी कातडी नितळ होती तिथेही. उस्तादाला त्या दिसत. रोज दिसत. त्यांतून त्याने अर्थ काढला तो असा, की गंज आणखी खोल गेलाय.

उस्तादाला एक मुलगी होती. गॅरेज खाली, घर वर, त्यामुळे शाळा सुटली की ती काकाच्या मागे मागे असायची. म्हणून वेल्डरने तिचं नाव स्टेपनी ठेवलं होतं. काका रंग कालवताना ती डबे ओळीने लावायची आणि रंगांना नावं द्यायची. लाल रंगाला ती 'बाबांचा चेहरा' म्हणायची.

एका दुपारी तिची आई तिची वेणी घालताना थांबली. कानामागे एक लाल चट्टा होता, वर चंदेरी पापुद्रा. तिने केस बाजूला केले. वर आणखी एक. तिने कंगवा खाली ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, इकडे या जरा. ओरडू नका."

उस्ताद आला. बघितलं. पोरीच्या कानामागे त्याला आपल्या भावाचं डोकं दिसलं.

"कोणाची टोपी घातली होतीस?"

"काकाचं हेल्मेट," स्टेपनी म्हणाली. "एकदाच. अंतराळात जायला."

पुढचं तो ऐकायला थांबला नाही. जिना त्याने दोन उड्यांत उतरला. धाकटा गाडीच्या दाराला पॉलिश पेपर मारत उकिडवा बसला होता. उस्तादाने मागूनच लाथ घातली. तो दारावर तोंडघशी पडला, दाताने ओठ फाटला. मग ठोकायच्या हातोडीचा दांडा होता आणि मग काही मोजणी नव्हती. पाठ, बरगड्या, डोक्यावर धरलेले हात.

"माझ्या पोरीला! माझ्या पोरीला दिलंस तू!"

"मी काय दिलं, दादा? काय दिलं?"

वेल्डरने उस्तादाला मागून कवेत घेतलं तर त्याच्या नाकावर कोपर बसलं. रक्ताळल्या नाकाने तो ओरडला, "अहो, माणूस आहे तो, मडगार्ड नाही!"

बरगडीचा आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. धाकटा अंगाचं मुटकुळं करून कॉम्प्रेसरशी पडून राहिला. त्याने हात उचलला नव्हता. आजवर कधीच उचलला नव्हता. त्यांचा बाप पट्ट्याने मारायचा तेव्हा दादाच मध्ये पडायचा, आणि ते ऋण त्याच्या मनात एवढं मोठं होतं की दादाचा मार त्याला त्यातलाच एक हप्ता वाटे. पण पडल्या पडल्या, एका उघड्या डोळ्याने, त्याने बघितलं की दादा भिंतीशी गेला. खरडपट्टी काढली. थिनरचा डबा घेतला. आणि जिन्याकडे वळला.

वर वहिनी, स्टेपनीची आई, दारातच उभी होती.

"बाजूला हो."

"आपण दवाखान्यात जाऊ. आत्ता जाऊ. मी कपडे पण बदलत नाही."

"लहान आहे तोवर निघेल. एकदाच दुखेल. मग जन्मभर कोणी खवडी म्हणणार नाही तिला." त्याचा आवाज कापत होता. हात मात्र कापत नव्हता. "बाजूला हो म्हटलं ना!"

ती झाली नाही. त्याने ढकललं. ती कपाटावर आपटली आणि कपाटावरची भांडी तिच्या अंगावर कोसळली. स्टेपनी स्टुलावर बसली होती, अर्धी वेणी तशीच सुटलेली. ती रडली नाही. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, बोटांत बोटं घट्ट अडकवून, आणि म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी शटरखालून बघितलं होतं."

उस्ताद थबकला. नेमका एक श्वास घेण्यापुरता. मग त्याने तिचं मनगट धरलं आणि डोक्यावरून ओढून काढलं.

तेवढ्यात धाकटा आत आला. सरळ उभंही राहता येत नव्हतं त्याला, एका हाताने बरगडी धरलेली. दुसऱ्या हातात पत्रा बसवायची लाकडी मोगरी होती. जन्मात पहिल्यांदा त्याने मोठ्या भावावर हात उगारला आणि जो उगारला तो पूर्ण उतरवला. मोगरी उस्तादाच्या उजव्या मनगटावर बसली. खरडपट्टी उलटी फिरली आणि त्याच्याच अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत फाडत गेली. तो गुडघ्यावर आला. धाकट्याने दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा घालायला मोगरी वर गेली.

"काका, पुरे," स्टेपनी म्हणाली.

मोगरी वरच थांबली. धाकट्याच्या तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. "माझ्या डोक्याला हात लावलास, मी गप्प बसलो," तो म्हणाला. "हिच्या केसाला धक्का लावलास ना दादा, तर मनगट ठेवणार नाही मी तुझं. देवाशपथ ठेवणार नाही."

वहिनी भांड्यांतून उठली. तिच्या कपाळाला खोक पडली होती. तिने पदर फाडून नवऱ्याचा हात करकचून बांधला, थिनरचा डबा खिडकीबाहेर ओतला, आणि म्हणाली, "चला. सगळे. हात शिवून झाला की त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर कातडीची डॉक्टरीण बसते. आज मी म्हणेन ते होणार."

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी आधी स्टेपनीला जवळ घेतलं. केस बाजूला करून कानामागे बघितलं, मग केसांची कड, मग बेंबीसुद्धा, तिथेही असे चट्टे लपतात म्हणून. "खाजतं का गं?"

"हो. पण मी खाजवत नाही. थोडंसंच खाजवते."

मग धाकट्याचं डोकं. त्या रेघा बघून बाईंचा हात थांबला. "हे कशाने?"

धाकट्याने मान आणखी खाली घातली.

"आणि हा ओठ? ही बरगडी? ही काही सोरायसिसने मोडली नाही."

"मी केलं," उस्ताद म्हणाला. हाताला पट्टी बांधून तो कोपऱ्यात बसला होता.

"मला हे नोंदवावं लागेल."

"नोंदवा बाई," धाकटा म्हणाला. भावाकडे त्याने बघितलं नाही. "दादाने केलं, असंच नोंदवा."

बाईंनी मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं. हा सोरायसिस. कातडी तयार व्हायचं काम अंगात जरा घाईने चालतं, जुनी कातडी झडायच्या आत नवी तयार, म्हणून थर साचतात. साध्या कोंड्याला अशी जाड चंदेरी खपली आणि अशी ठळक कड सहसा नसते. खवडा वेगळा, तो बुरशीचा असतो, तो लागतो. हा लागत नाही. टोपीने नाही, कंगव्याने नाही, हेल्मेटने तर नाहीच.

"मग हिला कोणी दिला?" उस्तादाचा आवाज चढला. "घरात हा एकटाच आहे!"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांकडे. "नखं बघू."

"काही नाही त्यांना. ठोकाठोकीचा धंदा आहे. मार लागतो."

"डावा हात दाखवा. या हाताने ठोकता?"

"नाही. उजव्याने."

"मग याच्या पाचही नखांवर पोचे कुणी पाडले?"

उस्तादाने खाली बघितलं. नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खळगे होते. दाट, एकाशेजारी एक. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या पत्र्यावरचे पोचे लांबून ओळखले होते, उन्हात तिरकी नजर टाकून. हे त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि त्याने कधी मान वाकवली नव्हती.

"बाही वर करा."

ग्रीसच्या काळ्या थराखाली, कोपरावर, चंदेरी चट्टा होता.

"तुमच्या वडलांना असं काही होतं का?" बाईंनी विचारलं.

दोघा भावांच्या बापाला कोणी कधी बोडक्या डोक्याने बघितलं नव्हतं. टोपी घालूनच तो झोपायचा. लहानपणी एकदा दादाने गंमत म्हणून ती ओढली होती आणि त्यासाठी त्याची पाठ सोलून निघाली होती. टोपीखाली काय होतं ते मारामुळे त्याच्या आठवणीतूनच पुसलं गेलं होतं. आता ते परत आलं. चांदीसारखं.

"अंगात असतं ते पिढ्यांतून येतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही दिलं असंही नाही. देणारे-घेणारे आपण कोण? पण एक ध्यानात ठेवा. अशा कातडीला जखम झाली, ओरबाडलं, खरडलं, की पुष्कळांना त्याच रेघेवर नवं उठतं. याच्या डोक्यावरच्या रेघा रोगाने नाही काढल्या, तुम्ही काढल्यात."

उस्ताद म्हणाला, "मग ते काढायचं कसं?"

"काढायचं नाही. मऊ करायचं. तेल लावून ठेवायचं, जे आपोआप सुटेल ते सुटेल. मग हा डांबराचा शाम्पू, वास सहन करा. मग भांग पाडत पाडत या बाटलीतला थेंब कातडीवर, केसांवर नाही. आणि मी सांगेन तितकेच दिवस, स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही. शांत होतं ते. पुन्हा कधी उठलं तर पुन्हा शांत करायचं. केसही परत येतात बहुतेक."

"वैताग आहे," उस्ताद पुटपुटला.

"आहेच," बाई म्हणाल्या.

त्यानंतर पोलीस येऊन जे विचारायचं ते विचारून गेले आणि धाकट्याने जे झालं तेच सांगितलं. तो वेल्डरच्या खोलीवर राहायला गेला. उस्ताद कोर्टाच्या तारखांना हजर राहायचा, मान खाली घालून. खरडपट्टी वहिनीने वेल्डरच्या पुढ्यात टाकली. "हिचे दोन करू की चार?" असं विचारून त्याने गॅस कटरने तिचे इतके तुकडे केले की शेवटी त्यालाच मोजता येईनात. स्टेपनीची वेणी आई घाले. बाप खोलीत आला की तिचे हात आपोआप डोक्यावर जात. ती काही बोलत नसे. हात जात, इतकंच. उस्ताद जेवता जेवता ते बघे आणि हातातला घास ताटात परत ठेवे. आपली सगळी हयात आपण देवाला एकच मागणं मागत आलो, की लेकराला कोणी मारू नये, आणि आपल्याच हातांना घाबरून लेकराने डोकं झाकावं, हे कोणाच्या तोंडावर सांगायचं?

टाके निघाले. जखम भरली. आणि मग एका सकाळी हाताला खाज सुटली. शिवणीच्या रेघेवर, अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत, लाल उंचवटा आला होता. वर चंदेरी पापुद्रा. त्याने डाव्या अंगठ्याच्या नखाने तो उचकटला. खाली पांढरं काही लागलं नाही. सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आले. एकेक करून.

त्याने ते फडक्याने टिपले. मग पुन्हा उचकटावंसं वाटलं, हात शिवशिवला, आणि त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मायलेकी वेल्डरच्या खोलीवर जात. काका स्टेपनीच्या डोक्याला औषध लावायचा, त्याच हलक्या हाताने, ज्याने तो काळ्यावर शेवटचा थर द्यायचा. अशाच एका दुपारी उस्ताद दारात येऊन उभा राहिला. वेल्डरने त्याला बघितलं आणि पक्कड उचलून मांडीवर ठेवली. "सहज," तो म्हणाला. "हाताशी असावी."

"मी आत येत नाही," उस्ताद म्हणाला. त्याने हात पुढे केला, जखम वर करून. "हे बघ. मलाही आलं."

धाकट्याने बघितलं. मग म्हणाला, "खरडलंस?"

"एकदा."

"नको खरडूस."

स्टेपनी स्टुलावरून वळली. तिचे हात वर गेले होतेच. कानामागचा तिचा चट्टा फिका गुलाबी झाला होता, खवले गेले होते. तिने बापाच्या हाताकडे बघितलं, मग काकाकडे.

"मला लावायचंय," उस्ताद म्हणाला. "तुझ्या डोक्याला. येईल मला. शिकीन."

"आधी काकाच्या डोक्याला लावून दाखवा," स्टेपनी म्हणाली. "मी बघते."

वेल्डरने पक्कड घट्ट धरली. धाकटा स्टुलाशेजारी जमिनीवर बसला, पाठ भावाकडे करून. उस्ताद आत येऊन मागे बसला, बाटली घेतली. त्याचा हात जवळ येताच धाकट्याचे खांदे कानांपर्यंत वर गेले, मान आत ओढली गेली, बरगडीवर हात गेला. उस्तादाने हात तिथेच हवेत थांबवला. पुढे नेला नाही, मागेही घेतला नाही. रंग सुकायची वाट बघावी, तसा थांबला. बाहेर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू झाली, निघून गेली.

हळूहळू खांदे उतरले.

त्याने भांग पाडला. त्याच्याच हाताने काढलेल्या रेघांपैकी पहिली रेघ समोर आली. तिच्यावर एक थेंब. मग बोटाच्या टोकाने, नखाने नाही, पसरवला. मग दुसरा भांग.

"केसांवर पडला," स्टेपनी म्हणाली.

"चुकलो."

"परत पाडा भांग."

त्याने परत पाडला. असं करत सगळं डोकं झालं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते भावाच्या मानेवर पडू नये म्हणून तो तोंड वाकडं करून बसला होता.

"झालं," तो म्हणाला. लेकीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

स्टेपनीने काकाचं डोकं नीट तपासलं, गिऱ्हाईक गाडी ताब्यात घेताना तपासतं तसं, तिरकी मान करून, उजेडात. मग तिने डोक्यावरचा एक हात खाली घेतला. एकच. दुसरा तसाच ठेवला.

"कानामागचं लावा," ती म्हणाली. "वरचं आई लावेल."